बिनपगारी हिशेबनीस

नवतप्याचा तिसरा दिवस, मेअखेरचं ऊन, दुपारचे तीन. या वेळी नागपुरात रस्त्यावर डांबर असतं आणि ते ओलांडायची सक्ती असलेला एखादा कुरियरवाला असतो. बाकी अख्खं गाव पडदे ओढून, खिडकीतल्या कूलरच्या झोतात आडवं पडलेलं. आम्हीही पडलो होतो. आणि कूलर थांबला.

कूलर थांबला की आधी त्याचा आवाज किती मोठा होता ते कळतं. मग पाठीला चादर चिकटते. मग आई बोलते.

"लाइट गेली काय?"

छताचा पंखा फिरत होता. म्हणजे लाइट होती. म्हणजे कोणीतरी प्लग काढला होता. नवतप्यात, दुपारी तीन वाजता, चालत्या कूलरचा. बायको उठून बसली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहू लागली. आईनंही मान वळवली. तिला तर चष्म्याशिवाय मी नीट दिसतही नाही, तरी बरोबर माझ्याच दिशेनं.

प्लग मी काढला नव्हता. पण संशय माझ्यावर यावा असा माझा मागच्या दोन महिन्यांचा इतिहास होता, आणि तो आधी सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

होळीच्या आदल्या रविवारी भाचा आला होता. तर्रीपोह्याची दुसरी प्लेट संपवता संपवता म्हणाला, "मामा, तू बिटकॉइनचा नोड टाक न घरी."

बिटकॉइनशी माझा संबंध एवढाच की 2021 साली सगळं ऑफिस घेत होतं तेव्हा मीही पाच हजारांचं घेतलं होतं. भाव पडला तेव्हा ते अ‍ॅप मोबाइलच्या शेवटच्या पानावर सरकवलं, कंपास आणि भिंगाच्या शेजारी. पण भाच्याच्या बोलण्यानं मला एकदम भागधारक असल्यासारखं वाटलं.

"काय होते त्यानं?"

"कोणाच्या भरवशावर राहायची गरज नाही. आपला हिशेब आपणच तपासून राहिलो, असं होते."

बायकोला नोड समजावून सांगायला मला आईची भिशी कामी आली. आईच्या भिशीत वीस जणी आहेत. पूर्वी वही एकीकडेच असायची. मग एका दिवाळीला कोणाचा नंबर लागून गेला आणि कोणाचा राहिला यावरून असं भांडण झालं की दोघी अजूनही हळदीकुंकवाला वेगवेगळ्या वेळी येतात. तेव्हापासून वीसच्या वीस जणी आपापली वही ठेवतात आणि प्रत्येक नोंद स्वतः पाहिल्याशिवाय लिहीत नाहीत. बिटकॉइन म्हणजे हीच भिशी. बायका फक्त जगभर पसरलेल्या आहेत, हिशेब महिन्याऐवजी साधारण दर दहा मिनिटांनी होतो, आणि 3 जानेवारी 2009 पासूनची सगळीच्या सगळी वही प्रत्येकीकडे असते. ती वही आणि ती सांभाळणारी संशयी बाई, दोन्ही मिळून झाला नोड.

"आणि याचे पैसे किती मिळतात?" बायकोनं विचारलं.

"काहीच नाही."

"पण ते लोक बिटकॉइन खोदतात म्हणे."

खोदणारे वेगळे. त्यांची यंत्रं वेगळी. त्यातलं एक प्रसिद्ध यंत्र सव्वातीन किलोवॉट खातं, म्हणजे दिवसाला 78 युनिट. दोन यंत्रं लावली तर वीजमंडळाचा माणूस रीडिंग घ्यायला नाही, अभिनंदन करायला येईल. खोदणाऱ्याला बक्षीस मिळतं. त्यानं खोदलेलं खरं की खोटं हे तपासणाऱ्या नोडला काही नाही.

पेपर वाचत असलेल्या बाबांनी तो खाली केला. "म्हणजे बिलं पास करणाऱ्याला कमिशन आणि तपासणाऱ्याला फुकटचा चहाही नाही?"

"हो बाबा."

"मग ही पद्धत खरी दिसते."

बाबांबद्दल इथे सांगायला हवं. चौतीस वर्षं ते सिव्हिल लाइन्सच्या महालेखाकार कार्यालयात होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण तपासणी थांबलेली नाही. किराण्याचं बिल, दुधाचं कार्ड, लग्नातल्या आहेराची यादी, सोसायटीचा ताळेबंद, सगळ्यावर पेन्सिलीची बारीक टिक असते. आमच्याकडे 1987 पासूनची विजेची बिलं ट्रंकेत आहेत. कोणी मागितलेली नाहीत. पण कोणी मागितली, तर आहेत.

बाबांचा पहिला आक्षेप कायद्याचा होता. "जीआर दाखव." जीआर नव्हता. मग भाच्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं: रिझर्व्ह बँकेनं 6 एप्रिल 2018 ला परिपत्रक काढून बँकांना या धंद्याशी व्यवहार बंद करायला सांगितलं, आणि 4 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. बाबांनी अख्ख्या निकालाची प्रिंट काढून आणायला लावली. चार दिवस वाचली. मग म्हणाले, "हरकत नाही. पण टॅक्स?" टॅक्ससाठी आमच्या सीएला फोन केला. तो म्हणाला, 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के. तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही. शिवाय त्या जुलैपासून विकताना एक टक्का टीडीएस. मी विचारलं, ज्यातून दमडीही मिळत नाही अशा नोडवर किती? सीए बराच वेळ गप्प होता. एवढी वर्षं तो माझं रिटर्न भरतो, पण माझ्याबद्दल त्याला काळजी वाटलेली मला पहिल्यांदाच ऐकू आली.

दुसरा आक्षेप कुंपणापलीकडून आला. शेजारचे काका झाडाला पाणी घालता घालता म्हणाले, "भाऊ, ते पुण्याचं प्रकरण वाचलं होतं न?" ते गेनबिटकॉइनबद्दल बोलत होते. दर महिन्याला दहा टक्के, असं अठरा महिने, अशा वायद्यावर देशभरातून बिटकॉइन गोळा केल्याचं प्रकरण. 2018 साली पुणे पोलिसांनी त्यातल्या मुख्य आरोपीला पकडलं. लोकांना सांगितलेलं असं की तुम्ही गुंतवा, लांब कुठेतरी आमची यंत्रं खोदकाम करत राहतील.

"काका, माझं उलटं आहे," मी म्हणालो. "यंत्र घरात सगळ्यांना दिसेल. पैसा कुठेच दिसणार नाही."

काकांनी नळी बंद केली. "हं. पैसाच नाही तर बुडते काय?" आणि ते निर्धास्त मनानं मोगऱ्याकडे वळले.

मग यंत्र निवडायची वेळ आली. भाच्यानं यादी लिहून दिली: प्रोसेसर, रॅम, डिस्क, नेट, यूपीएस. बाबांनी ती हातात घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यातलं कोण काय काम करते ते एकेक सांग." पुढचा तासभर जे झालं त्याला भाचा अजून मुलाखत म्हणतो.

प्रोसेसर म्हणजे सह्या तपासणारा कारकून. रॅम म्हणजे त्याचं टेबल. टेबल जेवढं मोठं तेवढ्या फायली एका वेळी समोर राहतात. डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. इथवर बाबा नुसती मान हलवत होते. मग भाच्यानं सांगितलं की प्रत्येक व्यवहार आला की नोड बघतो, हे नाणं आधीच कोणी खर्च केलेलं तर नाही? त्यासाठी आजपर्यंत न खर्चलेल्या सगळ्या नाण्यांची यादी ठेवावी लागते. ती दहा जीबीच्या वर गेली आहे, त्यामुळे टेबलावर मावत नाही आणि सारखं आत रेकॉर्ड रूममध्ये जावं लागतं. कधी 2011 ची फाइल, कधी कालची, क्रम काहीच नाही.

"आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये?"

"त्यात सुई फिरते आबा. इथून तिथून."

"म्हणजे शिडीवाला शिपाई," बाबा म्हणाले. त्यांच्या ऑफिसात एक होता. फाइल मागितली की शिडी आणायला जायचा, आणि वाटेत त्याला चहा दिसायचा. "एसएसडीत शिडी नाही?"

"नाही. हात लावला की फाइल."

"मग पगार कारकुनावर घालू नका. रेकॉर्ड रूमवर घाला."

भाचा माझ्याकडे पाहायला लागला. हाच निष्कर्ष काढायला त्यानं तीन रात्री व्हिडिओ पाहिले होते. नोडसाठी फार तडफदार प्रोसेसर लागत नाही. चांगली एसएसडी मात्र लागते. आजची वही सातशे जीबीच्या आसपास आहे आणि रोज वाढते, म्हणून एक टीबी ही कमीत कमी गरज, आणि दोन टीबी घेतली तर पुढची काही वर्षं विचार नको. जागाच नसेल तर जुनी पानं तपासून फाडून टाकायचीही सोय असते, म्हणजे दहा-वीस जीबीतही भागतं. पण हा पर्याय बाबांसमोर काढायची माझी हिंमत झाली नाही. ट्रंक त्याच खोलीत होती.

खरं म्हणजे साध्या घरात हे यंत्र मावतं, यामागेही एक भांडण आहे. वहीचं एक पान केवढं असावं यावरून बिटकॉइनवाल्यांत काही वर्षं जुंपली होती. एका गटाचं म्हणणं, पान मोठं करा म्हणजे जास्त व्यवहार मावतील. दुसऱ्याचं म्हणणं, पान वाढलं की वही वाढेल, मग ती फक्त मोठ्या कंपन्यांच्या गोदामात राहील आणि तपासणारा सामान्य माणूस संपेल. 1 ऑगस्ट 2017 ला मोठं पान हवं असणारे वेगळे निघाले, बिटकॉइन कॅश नावाचं त्यांनी वेगळं चूल-भांडं मांडलं. तारीख ऐकून बाबा म्हणाले, "टिळकांची पुण्यतिथी." बाबांना कुठलीही तारीख सांगा, ते कालनिर्णयातून उत्तर देतात. उलट इथर नावाचं दुसरं एक नाणं आहे, त्याचा नोड चालवायला दोन वेगवेगळे प्रोग्राम लागतात आणि दोन टीबी हा सुरुवातीचा आकडा असतो. त्यातून मिळकत हवी असेल तर 32 इथर तारण ठेवायचे. 32 इथरची किंमत ऐकून बायकोनं तो विषय स्वयंपाकघरातूनच बंद केला.

पहिला उमेदवार होता माळ्यावरचा जुना डेस्कटॉप. फुकट, घरचा, ओळखीचा. सुरू केला तर त्याच्या पंख्यातून दोन पिढ्यांची धूळ आणि एक पाल बाहेर आली. चालला मात्र. मीटर लावून पाहिलं: 90 वॉट. बाबांनी पाकिटाच्या मागे गुणाकार केला. चोवीस तास, तीस दिवस: पासष्ट युनिट. कूलर, फ्रिज, पंखे मिळून आपण उन्हाळ्यात 250 च्या आसपास असतो. अजून पासष्ट म्हणजे 300 ची हद्द ओलांडून वरच्या स्लॅबमध्ये. "एका बिनपगारी माणसासाठी अख्ख्या खात्याचा दर वाढवून घ्यायचा?" आणि शास्त्राची गोष्ट अशी की 90 वॉट खाणारा संगणक शेवटी 90 वॉटची उष्णताच खोलीत सोडतो. थंड देशांतले लोक म्हणे यावर हिवाळ्यात हात शेकतात. आमच्या शहराचा पारा 47 च्या पुढे जाऊन आलेला आहे. आम्हाला हात शेकायचे असले तर आम्ही स्कूटरचं हँडल धरतो.

दुसरा उमेदवार रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, दहा वॉटच्या आतबाहेर, महिन्याला सात युनिट. बाबांनी तो तळहातावर घेऊन वजन पाहिलं. "एवढासा?" मला तो मनापासून आवडला होता. पण त्याला स्वतःचा खास अडॅप्टर हवा, वेगळी डब्बी हवी, डिस्क जोडायला वेगळी पट्टी हवी, पंखा हवा. सगळं जोडता जोडता त्याची किंमत लहान मुलाच्या शाळेसारखी होत जाते, फी कमी आणि बाकी सगळं वेगळं. शिवाय तो 80 अंशांच्या वर तापायला लागला की स्वतःहून काम हळू करतो. हे ऐकून आई म्हणाली, "शहाणा आहे." मेमध्ये आमच्या हॉलमध्येच चाळीसच्या वर असतं. म्हणजे त्यानं कामावर यायच्या आधीच निम्मा रस्ता कापलेला असणार.

तिसरं, छोटे तयार डबे मिळतात, मिनी पीसी. वीज कमी खातात, ताकद पायपेक्षा जास्त. माझं तेच घ्यायचं ठरत आलं होतं. पण डिस्क तर कशालाही लागणारच होती, म्हणून आधी ती घेऊन टाकावी असं ठरवून मी बर्डीच्या बाजारात गेलो, आणि तिथे माझी बुद्धी फिरली.

एसएसडीच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, एका खोलीत तीन भाडेकरू हवेत की चार? म्हणजे दुकानदार तसं म्हणत नाही, तो टीएलसी आणि क्यूएलसी म्हणतो; पण प्रकार तोच. चार भाडेकरू कोंबले की जागा स्वस्त पडते आणि भिंती लवकर झिजतात. नोडसारखं सतत लिहिणं-पुसणं असेल तर तीनवाली बरी. मी तीनवालीचा भाव ऐकून "येतो फिरून" म्हटलं आणि दोन गल्ल्या पलीकडे एका गाळ्यात शिरलो. तिथे काचेखाली चकचकीत डबी होती: दोन टीबी, बाहेरून लावायची, अठराशे रुपये.

"खरंच दोन टीबी आहे काय हो?"

"लावून पाहा न भाऊ. इथंच लावून पाहा."

लावली. पडद्यावर 2 टीबी दिसलं. मी आनंदानं घरी आलो. येताना स्वतःवर खूश होऊन संत्रा बर्फीही घेतली.

चार दिवस नोडनं वही उतरवून घेतली आणि मग तो अडखळायला लागला. पान सापडत नाही म्हणे. भाच्यानं तपासणीचा एक प्रोग्राम चालवला आणि कपाळाला हात लावला. आत चिप होती 64 जीबीची. फक्त तिच्या कपाळावर दोन हजार लिहिलेलं होतं, आणि 64 भरले की ती जुन्याच मजकुरावर नवा लिहीत होती, तोंडानं मात्र "जागा आहे, जागा आहे" म्हणत होती.

मला वाटलं बाबा चिडतील. पण बाबांचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांनी त्यांना ओळखीचं कोणी भेटलं होतं. "अरे, हे तर बोगस मस्टर!" ते म्हणाले. "हजेरीपटावर दोन हजार मजूर. कामावर चौसष्ट. आणि साहेब आले की तेच चौसष्ट फिरून फिरून समोरून जातात." त्यांनी ती डबी मागून घेतली. ती आता ट्रंकेत आहे, बिलासकट. बिल म्हणजे कागदाची एक चिठ्ठी, तिच्यावर "माल परत होणार नाही" एवढंच नीट छापलेलं.

या खर्चानंतर मिनी पीसीचं नाव काढायची सोय राहिली नाही. तेव्हा बाबांनीच तोडगा काढला. "नवीन भरती बंद करा. रिटायर झालेल्यांपैकी कोणी आहे काय?"

होता. बायकोचा 2018 चा लॅपटॉप, साड्यांच्या कपाटात, पैठणीखाली. आठ जीबी रॅम. ‘न’ चं बटण निघालेलं. पण बॅटरी अजून तासभर दम धरणारी, आणि हीच मोलाची गोष्ट होती. नोडचा खरा शत्रू म्हणजे अचानक जाणारी वीज. लिहिता लिहिता जीव गेला तर न खर्चलेल्या नाण्यांची यादी बिघडते आणि सगळी वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला लागते, त्यात दिवसच्या दिवस जातात. मोठ्या शहरांतले तज्ज्ञ म्हणतात, यूपीएस घ्या. लॅपटॉप पोटात यूपीएस घेऊनच जन्माला येतो. त्यात खरीखुरी, तीन भाडेकरूंची, एक टीबीची एसएसडी बसवली. मीटरवर 18 वॉट. महिन्याला तेरा युनिट. बाबांनी टिक केली.

कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आमच्या जिल्ह्यात. निम्म्या महाराष्ट्राला वाटेल एवढी राख आमच्याकडे. पण मेमध्ये संध्याकाळी वारं-वावधन सुटलं, कडुलिंबाची एक फांदी तारेवर पडली, की आम्हीही अंधारातच बसतो. इन्व्हर्टर आहे, पण तो जागा होईपर्यंत क्षणभर लागतो. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं, त्यावर यूपीएस असं लिहिलेलं. ते सरकवलं की तो जरा चटकन जागा होतो. आमच्या घरात हे बटण नऊ वर्षं होतं. कोणी त्याची चौकशी केली नव्हती.

मग जागेचा प्रश्न. हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला तर लुकलुकणारा दिवा आईच्या मालिकेत येतो. देवघरात ठेवायला आईची हरकत नव्हती, पण तिथे उदबत्ती असते. माळा मेमध्ये म्हणजे तंदूर. थंड जागा घरात एकच, कूलरसमोर. पण कूलरच्या झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात एवढा क्षार आहे की दोन हंगामांत कूलरच्या जाळ्या पांढऱ्याफटक होतात. तेच पाणी मदरबोर्डवर नको. शेवटी हॉलच्या कोपऱ्यात, झोत जिथे भिंतीवर आपटून कोरडा होऊन परत फिरतो अशी हातभर जागा सापडली. कागदाची पट्टी धरून मी ती शोधली. खिडकीत कागद धरून फिरणाऱ्या नवऱ्याकडे पाहून बायकोनं सासूबाईंना काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.

तिथे ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी नोड बंद. तिसऱ्या दिवशीही. कारण सापडलं तेव्हा ते क्रोशाचं होतं. आई रोज दुपारी लॅपटॉपचं झाकण लावून त्यावर विणलेलं आच्छादन घालत होती. मिक्सरवर आहे, टीव्हीवर होतं, मग यालाच उघडं कशाला ठेवायचं, धूळ बसते. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, आणि आच्छादनाखाली उबून बॅटरी फुगायचीही भीती. मी झाकण लावलं तरी झोपू नये अशी सेटिंग केली, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवलं, आणि आईला समजावलं. आता आच्छादन आहे, पण लॅपटॉपच्या खाली.

अशा सगळ्या विघ्नांतून नऊ दिवसांनी वही पूर्ण झाली. नऊ लाखांहून जास्त पानं. बाबांना पहिलं पान दाखवलं: 3 जानेवारी 2009.

"सावित्रीबाईंची जयंती."

त्या पानात, बँकांना सरकारी मदत द्यायची वेळ पुन्हा आली आहे अशा अर्थाचा, लंडनच्या टाइम्सच्या त्या दिवसाचा मथळा कोरून ठेवलेला आहे. बाबांना ते फार आवडलं. "कात्रण लावलं. म्हणजे तारखेचा पुरावा. चांगला कारकून होता." तो कारकून कोण हे आजवर कोणाला कळलेलं नाही, फक्त सातोशी नाकामोटो असं नाव आहे, हे सांगितल्यावर त्यांना ते अजूनच आवडलं. बदलीनंतर ओळख न ठेवणारा माणूस. पहिल्या पानावरची 50 नाणी कधी खर्चच करता येत नाहीत असं भाचा म्हणाला, तर बाबा लगेच, "उचंत खातं!"

22 मे 2010 ला दहा हजार बिटकॉइनांत घेतलेले दोन पिझ्झेही आमच्या हॉलच्या कोपऱ्यात आले. त्यावर बाबांनी फक्त विचारलं की टॉपिंगचं वेगळं लावलं होतं काय. पण 15 ऑगस्ट 2010 चा किस्सा ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. त्या दिवशी बेरजेतल्या एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी 184 अब्ज नाणी काढली होती. एकूण नाणी कधीच दोन कोटी दहा लाखांच्या वर जायची नाहीत असा तर मूळ नियम. काही तासांत ते पकडलं गेलं, प्रोग्राम दुरुस्त झाला, ते पान बाद करून दुसरं लिहिलं गेलं.

"सुट्टीच्या दिवशी," बाबा म्हणाले. "नेहमी सुट्टीच्याच दिवशी करतात."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग भाच्याच्या तोंडून निसटलं. म्हणाला, आबा, तसं नोडनं सगळं तपासलं, फक्त जुन्या सह्या तेवढ्या नाही.

"म्हणजे?"

म्हणजे असं की वेळ वाचावा म्हणून प्रोग्राम बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवली आहे. ठरावीक पानापर्यंतच्या सह्या इतक्या लोकांनी तपासून झाल्यात की त्या बरोबर आहेत असं धरून चालायचं. रकमा तपासतो, बेरजा तपासतो, एकच नाणं दोनदा खर्च झालं का ते तपासतो. सह्या मात्र धरून चालतो. हवं तर सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीपुढे शून्य लिहून ही सोय बंद करता येते, पण कोणी करत नाही.

बाबांनी चष्मा काढला. "मागच्या ऑडिटनं पाहिलं होतं म्हणून आपण सही न पाहता बिल पास करायचं?"

"आबा, सगळी दुनिया तसंच करते."

"दुनियेचं तिच्या फाइलीत लिहील. शून्य टाक."

मी समजावून पाहिलं. मे संपत आलाय, लॅपटॉप जुना आहे, पुन्हा सगळं तपासायचं म्हणजे कारकुनाला दिवसरात्र घाम फुटणार. जून येऊ द्या, एक पाऊस पडू द्या. बाबा म्हणाले, मार्चएंडला ऊन नव्हतं काय. भाच्यानं शून्य टाकलं. तो 25 मे होता, नवतप्याचा पहिला दिवस. वही परत उतरवायची नव्हती, ती डिस्कवर होतीच. फक्त पहिल्या पानापासून एकेक सही. सुरुवातीची वर्षं झपाझप गेली, तेव्हा व्यवहारच थोडे. 2013 च्या पुढे पंख्याचा आवाज बदलला. 2015 मध्ये तो आमच्या मिक्सरसारखा वाजत होता. बाबांनी कोपऱ्यात स्टूल टाकलं.

आणि आता तिसरा दिवस, दुपारचे तीन, कूलर बंद, आणि सगळे माझ्याकडे बघत आहेत.

मी उठून कोपऱ्यात गेलो. बाबा स्टुलावर होते, बनियनवर, डोक्यावर ओला पंचा, हातात शब्दकोड्याचं भिंग. कूलरच्या पॉइंटला लॅपटॉपचा चार्जर लावलेला. नेहमीचा पॉइंट मघाशी तापून काळा पडला होता आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बॅटरी चार टक्क्यांवर आली तेव्हा त्यांनी जवळचा दिसेल तो प्लग उपटला होता. भिंतीला टेकून कूलरची वायर लोंबत होती, आणि तिच्या टोकावर आईची नजर.

"बाबा, आई भाजून निघाली तिकडे."

बाबांनी मान वर केली नाही. भिंगातून पडद्यावरचा आकडा वाचत होते.

"2016 चा मार्चएंड चालू आहे," ते म्हणाले. "दहा मिनिटं थांब म्हणाव तिले."